भाव बसला

परवा दुपारी गाडी कृष्णेच्या पुलावर चढली आणि कंडक्टर ओरडला, "हिंदक्क सरीरी!" बाजाराचा दिवस, माणसं एकमेकांच्या पायावर. मी मागं सरलो तो थेट पूल होण्याआधीच्या नावेत जाऊन बसलो.

आमचा आंबी, म्हणजे नावाडी, असंच ओरडायचा. कानडी माणसाला 'सरीरी', मराठीला 'सरा'. घाईत कुठला शब्द कुणाच्या वाट्याला येईल याचा नेम नसे, पण शेळ्यांसकट सगळे सरकत.

आज्जीच्या लग्नात वऱ्हाड खालशातून, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातून, निघालं ते पलीकडं संस्थानात उतरलं. मधल्या धारेत राज्य कुणाचं, हे तिनं कुणाला विचारलं नाही. 1948 ला संस्थानं गेली, दोन्ही काठ मुंबईचे झाले. 1956 च्या 1 नोव्हेंबरला दोन्ही म्हैसूरचे, 1973 ला त्याच तारखेला म्हैसूरचं कर्नाटक. माझ्या लहानपणी पावतीवर कानडी अक्षरं असायची आणि आज्जी ती उलटी धरून वाचल्यासारखं करायची.

नावेचे मालक तर याहून भराभर बदलत. मुंबई इलाख्यात 1868 सालीच तरींचा, म्हणजे नदी ओलांडायच्या नावांचा, कायदा झालेला. राज्यं बदलली तरी मक्त्याची रीत राहिली. लिलाव झाला की नवा मक्तेदार. कधी किराणावाला, कधी गुळाचा अडत्या. तो लिंबाखाली पत्र्याचा डबा घेऊन बसे, पाण्यात मात्र पाऊल घालत नसे. एका मक्तेदारानं सायकलीला माणसापेक्षा जास्त दर लावला. का, तर माणूस सरकतो, सायकल सरकत नाही. याला उत्तर काय देणार!

त्याआधी गावकऱ्यांना रोख काही द्यावं लागत नसे. सुगीला आंबी खळ्यावर येऊन जोंधळ्याच्या पेंढ्या न्यायचा, वर्षभराचं येणंजाणं त्यात फिटायचं. याच मक्तेदारानं ते बंद केलं. आज्जी डब्यात पैसे टाकायची आणि सुगीत परड्याच्या दारानं पेंढ्याही द्यायची. "पैसं त्येचं, नाव आंब्याची," एवढंच तिचं म्हणणं.

आणि नाव आंब्याचीच होती. पावसाळ्यात धार जोरात असली की तो समोर जातच नसे. काठाकाठानं वेळू रोवत नाव वर वर न्यायचा, चांगली दोन शेतं मागं टाकायचा आणि मग सोडून द्यायचा. ती तिरपी वाहत बरोबर पलीकडच्या उतारालाच लागायची. मक्तेदार काठावरून "येळ किती घालवतोस!" म्हणून ओरडे. आंब्याला त्या वेळी ऐकू येत नसे.

त्याचा एकच कायदा होता. नावेत 'बुडाला' म्हणायचं नाही. एकदा मामा बाजारातून तापून आलेला. बसता बसता म्हणाला, "गुळाचा भाव बुडाला की वो." आंब्यानं वेळू थांबवला. नाव जागच्या जागी गोल फिरली. कोंबड्या गप्प झाल्या म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, माणसं मात्र झाली.

"काय झाला भाव?" आंब्यानं विचारलं.

"बसला," मामा म्हणाला.

"हां. बसा मग."

तेव्हापासून आमच्या घरात भाव बसतो, उसनवारी बसते. एका चुलतभावाचं तर दुकानच बसलं. पुलावर अजून माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही, बायको हसते.

पूल झाला, लिलाव थांबले. नाव दोन पावसाळे काठावर पालथी होती, खाली शेळ्या बसायच्या. पुढं तिचं काय झालं कोण जाणे.

2019 च्या ऑगस्टात पाणी गल्लीत आलं, तेव्हा आम्हाला रबरी बोटीतून काढलं. मोटार लावलेली, सगळ्यांच्या अंगात केशरी जाकिटं. शाळेच्या पत्र्यांवरून वळताना शेजारचा पोरगा फोनवर मोठ्यानं सांगत होता, "घर बुडालं, ऊस बुडाला, सगळं बुडालं."

मी सवयीनं मागं वळून बघितलं. तिथं मोटार होती. बोट थांबली नाही.