पिंपं, दोरखंड आणि कांद्याच्या जुड्या : ऱ्होड आयलंडची सहल

मी बॉस्टनजवळ मिडल स्कूलमध्ये सोशल स्टडीज शिकवते आणि गुलामांच्या व्यापाराचा धडा आला की मुलं हमखास म्हणतात, ते तिकडे साउथमध्ये होतं ना, कापसाच्या शेतांवर. म्हणून यावर्षी ठरवलं की आठवीच्या मुलांना बसमध्ये घालून सरळ ऱ्होड आयलंडला न्यायचं, नकाशावर शोधावं लागेल एवढं लहान राज्य, पण 1807 पर्यंत इथून साधारण हजार जहाजं आफ्रिकेला गेली आणि त्यांनी एक लाखाच्या वर माणसं उचलून नेली.

निघायच्या आधी वर्गात एक गोष्ट पक्की केली. कुणालाही गुलाम किंवा मालक बनवून नाटक करायचं नाही. काही ठिकाणी असलं करतात, मुलांना खाली चिकटून झोपवतात वगैरे, मला ते अजिबात पटत नाही, त्यातून कळत काहीच नाही आणि वर्गातल्या काळ्या मुलांना उगाच सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागतात. त्याऐवजी प्रत्येकाला एकेक धंदा दिला. कुणी पिंपं बनवणारा, कुणी दोर वळणारा, शिडं शिवणारा, लोहार, रम गाळणारा, कांदे पिकवणारा शेतकरी, विमावाला, कस्टमचा अधिकारी. दिवसभरात एवढंच शोधायचं की माझ्या माणसाच्या घरात पैसा कुठून येत होता.

पहिला थांबा प्रॉव्हिडन्स, ब्राऊन युनिव्हर्सिटी. तिथे 2014 मध्ये उभारलेलं, शिल्पकार मार्टिन प्युरियरने घडवलेलं गुलामगिरीचं स्मारक आहे, जमिनीत अर्धा रुतलेला लोखंडी घुमट आणि त्यातून वर आलेली तुटकी साखळी. शेजारी जुना युनिव्हर्सिटी हॉल, जो बांधताना गुलामांकडूनही काम करून घेतलं होतं. ज्या ब्राऊन घराण्याचं नाव युनिव्हर्सिटीला आहे त्यांचं 'सॅली' नावाचं जहाज 1764 मध्ये इथून निघालं, कप्तान ईसेक हॉपकिन्स, आणि त्याची हिशेबाची वही अजून जपून ठेवलीय. मी वहीतली यादी छापून नेली होती ती तिथेच हिरवळीवर बसून वाचली. 17,274 गॅलन रम, व्हेलच्या तेलाच्या मेणबत्त्यांची 30 खोकी, कांद्याच्या 1,800 जुड्या, 40 हातकड्या, 40 बेड्या. प्रत्येक ओळीला कुणीतरी हात वर करत होतं, हा माझा, हा माझा. मग मी पुढचं सांगितलं. हॉपकिन्सने 196 माणसं विकत घेतली आणि त्यातली कमीत कमी 109 मेली, काही रोगाने, काही उपासमारीने, काही जहाजावर उठाव केला म्हणून मारली गेली. वर गेलेले हात आपोआप खाली आले. मी पुढे काहीच बोलले नाही, बोलायची गरजही नव्हती.

रमचं गणित आपल्याकडच्या माणसाला पटकन कळेल कारण साखर कारखान्याची मळी आणि मळीपासून दारू हे आपण बघितलेलं असतं. तीच मळी कॅरिबियन बेटांवरून यायची, तिथे ऊस गुलामच पिकवायचे, इथे तिची रम व्हायची, रम देऊन आफ्रिकेत माणसं घ्यायची आणि ती पुन्हा त्याच बेटांवर विकायची. 1764 मध्ये मळीवरच्या कराविरुद्ध या वसाहतीने (ऱ्होड आयलंड तेव्हा इंग्रजांची वसाहत) लंडनला अर्ज केला त्यात स्वतःच लिहिलंय की आमच्याकडे तीसच्या वर भट्ट्या आहेत आणि दरवर्षी साधारण 18 जहाजं 1,800 मोठी पिंपं रम घेऊन आफ्रिकेला जातात. म्हणजे लपवाछपवी नव्हती, उलट आमचं पोट यावर आहे हाच त्यांचा मुद्दा. पिंपवाल्या मुलाने लगेच वहीत लिहून घेतलं, एवढी पिंपं कुणीतरी केलीच असणार.

तिथून 114 नंबरच्या रस्त्याने ब्रिस्टल. होप स्ट्रीटवर रस्त्याच्या मधोमध लाल-पांढरा-निळा पट्टा आहे, चार जुलैच्या परेडचा, आणि त्याच रस्त्यावर लिंडन प्लेस, जॉर्ज डीवुल्फने 1810 मध्ये बांधलेला पांढरा वाडा. इथे सगळ्यात जास्त काम होतं कस्टमवाल्या मुलीला. राज्याने 1787 मध्येच आपल्या लोकांना या व्यापारात बंदी केली होती तरी डीवुल्फ घराण्याची जहाजं जातच राहिली, न्यूपोर्टचा कस्टम अधिकारी त्रास देतो म्हणून ब्रिस्टलचं वेगळं कस्टम ऑफिस करून घेतलं आणि 1804 मध्ये तिथे नेमणूक झाली चार्ल्स कॉलिन्सची, जो जेम्स डीवुल्फचा मेहुणा आणि स्वतः अशा जहाजांत भागीदार. पुढे जेम्स डीवुल्फ सिनेटर झाला. ती मुलगी फार चिडली, म्हणाली म्हणजे माझं काम काही न बघणं हेच होतं. मला वाटतं संपूर्ण सहलीतलं सगळ्यात नेमकं वाक्य तिचंच होतं.

माउंट होप ब्रिज ओलांडून न्यूपोर्टला पोचेपर्यंत दुपार कलली होती. फेअरवेल स्ट्रीटवरचं गॉड्स लिटल एकर हे आफ्रिकन लोकांचं कब्रस्तान, पाटीच्या दगडाच्या समाध्या, बऱ्याच झिजलेल्या. त्यात कफी गिब्जची समाधी, मृत्यू 27 डिसेंबर 1768, वय 40, आणि दगडावर कोरलंय की हा दगड पॉम्पी स्टीव्हन्सने आपल्या भावासाठी घडवला. पॉम्पी गुलाम होता, 1705 पासून चालू असलेल्या स्टीव्हन्स यांच्या दगडकामाच्या दुकानात काम करायचा (दुकान आजही थेम्स स्ट्रीटवर आहे). माझ्या धंद्यांच्या यादीत हा मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण नाहीतर मुलांच्या डोक्यात असं बसतं की कारागीर सगळे गोरे आणि आफ्रिकन माणसं म्हणजे फक्त जहाजातला माल. पॉम्पीच्या हाताला कला होती, स्वतःची सही होती, भाऊ होता, आणि त्याच्या मेहनतीचा पैसा मालकाच्या खिशात जात होता.

परतताना बसमध्ये वाद पेटला. कांदेवाल्याचा दोष किती, त्याने तर फक्त कांदे विकले. बेड्या करणारा लोहार म्हणाला, मला तर माहीत होतं त्या कशासाठी आहेत. दोरवाला म्हणाला, दोर कुठल्याही जहाजाला लागतो. मी निकाल दिला नाही, सगळ्यांना आपापल्या माणसाची बाजू पुराव्यासकट लिहून आणायला सांगितलंय. आणि एकाने विचारलं की 1807 च्या कायद्याने देशभर बंदी आल्यावर हे सगळे लोक काय करायला लागले, त्याचं उत्तर पॉटकेटच्या स्लेटर मिल या जुन्या सूतगिरणीत आहे, गुलामांनी पिकवलेला कापूस इथे यायला लागला, त्यामुळे पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करणार.