आमची वाटचाल: टाकीतला उजेड

2013 साली पुण्याच्या तपकीर गल्लीतून एलईडी, त्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर आणि उष्णता काढणारे हीटसिंक आणून आम्ही दोघा भावांनी मत्स्यालयाचे दिवे बांधायला घेतले. गिऱ्हाईक वॅट विचारायचं, आम्ही वॅट सांगायचो. खाऱ्या पाण्याच्या, जिवंत प्रवाळांच्या रीफ टाक्या यायला लागल्या आणि वॅटवर भागेना.

कोथरूडच्या एका काकांकडची मशरूम प्रवाळं आक्रसून कडेने फिकी पडत चालली होती. निळ्या उजेडात टाकी त्यांना अंधारी वाटे, म्हणून ते दिवा वाढवतच होते. लक्समीटरही कमीच दाखवायचा. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याचं. डोळ्याला 555 नॅनोमीटरचा हिरवा सर्वांत लख्ख दिसतो, 450 चा निळा त्याच्या चार टक्केही नाही. प्रवाळाच्या पेशींतलं शेवाळ मात्र हाच निळा भरभरून शोषतं.

तेव्हा आम्ही पाण्यात बुडणारा पार (PAR, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला लागणारा उजेड) मोजणारा मीटर घेतला. महाग होता, हिशेब बघणाऱ्या वहिनींनीच ‘घ्या’ म्हटलं. तो 400 ते 700 नॅनोमीटरमधले फोटॉन मोजतो. काकांच्या खडकाच्या माथ्यावर 240 (दर सेकंदाला दर चौरस मीटरवर इतके मायक्रोमोल फोटॉन) आले, कोपऱ्यातल्या वाळूवर 45. मशरूमला 50 ते 100 पुष्कळ होतात. प्रवाळं खाली सावलीला नेली, दिवा उंच टांगला. काही आठवड्यांत ती पुन्हा पसरली.

आता नव्या टाकीवर आधी मोजणी. दिव्याच्या लेन्सवरचं मीठ पुसायचं, सेन्सर काठीला बांधून तोंड सरळ वर ठेवायचं. लाटांमुळे आकडा नाचतो, म्हणून जरा वेळ धरून सरासरी घ्यायची. जागेजागेचे आकडे कागदावर मांडून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवतो. दिव्याच्या कंट्रोलरवर दिसणाऱ्या उजेडाच्या टक्क्यांवर आमचा भरवसा नाही. एका दिव्याचे साठ टक्के दुसऱ्याच्या साठाला जुळत नाहीत. नवा दिवा मुद्दाम मंद ठेवून महिनाभर दर आठवड्याला थोडा थोडा चढवतो. रोज आठ-दहा तास पुरे.

प्रवाळं आम्ही विकत नाही. खडक रचणारी सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून ओरबाडलेल्या जिवावर आमचा दिवा लागणार नाही, हे भावाभावांत पक्कं आहे.

मीटर सगळ्यांना परवडत नाही, म्हणून आम्ही तो दोन दिवसांसाठी भाड्यानेही देतो. परत करताना सेन्सर गोड्या पाण्याने नीट धुऊन आणावा, एवढीच विनंती.