पोलिसावरच आळ आला तर?

‘ओ ताई, ह्यां असां खरांच होता काय?’ रात्री गुन्हेगारी मालिकेचा भाग झाला, की सकाळी मालवणच्या मासळी बाजारात कुणी ना कुणी मला हे विचारतंच. सिंधुदुर्गातल्या दंडाधिकारी कोर्टांत कारकुनी करून मी निवृत्त झाले, म्हणून. यावेळचा भाग असा होता: तपास करणाऱ्या इन्स्पेक्टरवरच खुनाचा आळ येतो, पुरावा त्याच्याच कपाटात सापडतो, मुलाला वाचवायला तो सहकाऱ्यापुढे गुन्हा कबूल करतो, मग कोठडीतून पळतो आणि खऱ्या खुन्याला स्वतःच पकडून आणतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आळ येतो, हे खरं. पुढचं बरंचसं बनाव.

कबुलीचंच घ्या. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. 1872च्या पुरावा कायद्याचं कलम 25 हेच सांगायचं, 2023च्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 23 तेच सांगतं. आरोपी खुद्द इन्स्पेक्टर असला तरी. एवढी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे ठाऊक नसावं? मालिका लिहिणाऱ्याने एखाद्या वकिलाला निदान चहा तरी पाजायचा.

आणि पळणं वगैरे सोडाच. निलंबित माणसाला मुख्यालय सोडायचं तरी परवानगी लागते. पहिले तीन महिने निर्वाह भत्ता, म्हणजे साधारण अर्धा पगार. चौकशी दुसराच कुणी करतो, याने बोलावतील तेव्हा हजर राहायचं. यावर कोण मालिका काढणार?

मी पाहिलेलं प्रकरण दारूचं. बांद्याच्या बाजूने गोवा बनावटीची दारू येते, पकडली जाते. दारूबंदी कायद्याचं कलम 65(ई) आमच्या शिपायालाही पाठ होतं. अशाच एका खटल्यात मुद्देमाल मोजला तेव्हा बाटल्या पंचनाम्यापेक्षा कमी भरल्या. तपास करणाऱ्या हवालदाराने मधल्या मधे विकल्या, असं गावभर झालं आणि तो निलंबित झाला.

लोकांना ते लगेच पटलं, यात नवल नाही. 1993 साली मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठी रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडीला शस्त्रं-स्फोटकं उतरली, त्या प्रकरणात कस्टम आणि पोलीस अशा दोन्ही खात्यांतली माणसं दोषी ठरली. कोकणच्या किनाऱ्यावर वर्दीवाल्याचा संशय येतो तो काही उगाच नाही. पण शेखाडी खरी होती म्हणून आमचा हवालदार चोर ठरत नव्हता, आणि एवढा फरक करायला कुणाला सवड नव्हती.

तो सुटला तो गुणाकारामुळे. क्वार्टरच्या, म्हणजे 180 मिलीच्या खोक्यात 48 बाटल्या असतात. 375च्या खोक्यात 24. पावसात, टॉर्चच्या उजेडात पंचनामा लिहिणाऱ्याने खोके न फोडता सगळे 48चेच धरले. ठाण्यातल्या मुद्देमाल कारकुनाने मात्र रजिस्टरला खोक्यांवरचा छाप बघून नोंद केली होती, 180चे वेगळे, 375चे वेगळे. ते रजिस्टर कोर्टात आलं, कुणीतरी पेन घेऊन बेरीज केली, आणि मोजलेल्या बाटल्या तंतोतंत जुळल्या. त्या कारकुनाला हवालदाराबद्दल प्रेम होतं असंही नाही, दोघांचं फारसं पटत नसे. त्याने आपली रोजची नोंद केली होती. मालिकेचा नायक मी त्याला केला असता.

हवालदार कामावर परत आला, मागाहून उरलेला पगारही मिळाला. मधल्या काळात मोडलेलं मुलीचं लग्न काही जुळलं नाही.

‘मग आता तरी असा घोळ होऊचो नाय ना?’ हा पुढचा प्रश्न. 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, मोबाइलवर केलं तरी चालतं. पोलिसांना ती कटकट वाटते. माझं मत वेगळं आहे. त्या रात्री कुणी टॉर्चच्या उजेडात मोबाइल धरला असता, तर खोक्यांवरचे 375चे आकडे दिसले असते आणि प्रकरण एका दुपारी मिटलं असतं.