बावखलाची राखण : वसईच्या वाड्यांतून एक फेरी

नालासोपारा पश्चिमेला उतरून निर्मळची गाडी धरली की सोपारा गाव मागे पडल्यावर हवा बदलते. इमारती संपतात, केळी सुरू होतात, वाटेच्या वळणावळणावर झेंडूचा हार घातलेला क्रूस दिसतो. वसई किल्ला पाहून परतणारे बहुतेक जण या पट्ट्यात येत नाहीत. आम्ही मे महिन्यात आलो ते बावखलं पाहायला आणि ती उपसणाऱ्या हातांना हात लावायला.

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं खोदीव तळं. विहिरीसारखं बांधीव नाही, तलावासारखं मोठंही नाही. उतरते मातीचे काठ, काठावर उंबर किंवा भेंडी, आणि पूर्वी एका बाजूला बैलाचा रहाट. मालकी बहुतेक ठिकाणी अनेक घरांची सामाईक. पंप आले, रहाट गेले, सातबाऱ्यावरची नावं वाढत गेली आणि सगळ्यांचं म्हणून बावखल कुणाचंच उरलं नाही. त्यात आधी पडला कचरा, मग भराव.

या पाण्याचं गणित मात्र समुद्राकाठच्या प्रत्येकानं समजून घ्यावं असं आहे. इथे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. समुद्रसपाटीपासून गोड्या पाण्याची पातळी १ मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा थर असू शकतो. हेच उलट वाचा : उपसा करून पातळी एका फुटाने कायमची खाली आणली, की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकू पाहतं. वसईतून टँकरनं पाणी नेण्याविरुद्ध लोक का पेटून उठले, ते यावरून कळतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच टापूतले, नंदाखालचे. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. वसई त्यांना ओळखते ती ‘हरित वसई’च्या पर्यावरण-लढ्यामुळे. पावसाचं पाणी थांबवून जमिनीत मुरवायचं काम बावखल करतं. ते बुजवलं की शेजारची विहीर मचूळ होते आणि केळीच्या पानांच्या कडा करपू लागतात.

आमच्यासोबतचा स्वयंसेवक इथल्याच धर्मग्रामातला, म्हणजे इथल्या चर्चच्या परिसरातला, वाडीवाला. एदेन बागेत देवानं माणसाला ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला, हे बायबलमधल्या उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातलं वाक्य तो प्रवचनासारखं सांगत नाही, कामाची वाटणी सांगावी तसं सांगतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हेच दोन शब्द उलगडले आहेत : मशागत म्हणजे कसणं, राखण म्हणजे जपणं. आमच्या वाडीवाल्याच्या मते आपण पहिल्या शब्दावर थांबलो. परिपत्रकाचं नाव आसिसीच्या संत फ्रान्सिसच्या स्तोत्रातलं. त्या स्तोत्रात पाण्याला बहीण म्हटलंय, उपयोगी आणि नम्र बहीण. बावखल पाहिल्यावर ‘नम्र’ हा शब्द चपखल वाटतो.

आता कामाचं. सगळ्यात मोठा शत्रू जलपर्णी. तिचं ओलं वजन चौरस मीटरला २० किलो धरलं, तरी ५ गुंठ्यांच्या बावखलात दहा टन माल निघतो. तो बहुतेक पाणीच असतो, पण ओढावा तर लागतोच. त्यामुळे वीस माणसं आणि एक सकाळ हा हिशेब बसत नाही. निम्मं काढून फोटो काढले, की उरलेली निम्मी अनुकूल हवेत दोनेक आठवड्यांत दुप्पट होते आणि जैसे थे.

सुरुवात वारा जिकडे ढकलतो त्या काठानं करा. मे महिन्यात दिवसा वारा पश्चिमेचा, म्हणून झाडं पूर्वेच्या काठाला साचतात आणि वारा फुकटचा मजूर होतो. रिकाम्या बाटल्या बांधलेला दोर मोकळ्या झालेल्या पाण्याच्या कडेनं आडवा टाकायचा, नाहीतर साफ केलेला भाग दुपारपर्यंत पुन्हा भरतो. बांबूला आकडा बांधून ओढा, दाताळ्यानं काठावर घ्या. विळ्यानं तोडू नका : तुटलेला प्रत्येक धुमारा नवं झाड होतो. ढीग काठापासून निदान दहा पावलं लांब, उताराच्या उलट बाजूला. काठावरच सोडलेला ढीग पहिल्या पावसात परत पाण्यात जातो. ही चूक सर्रास होते. आठ-दहा दिवस उन्हात सुकवून शेणकाल्याचे थर देत रचलं तर खत चांगलं होतं. ओलंच रचलं तर सडून घाण सुटते आणि शेजारी भांडायला येतात.

मग गाळ. जेसीबी बोलवायचा मोह होतो, कारण एका दिवसात काम दिसतं. पण यंत्राला मूळ तळ कळत नाही. काळा, वास मारणारा चिखल संपून मातीचा रंग बदलला, की थांबायचं. त्याखाली खणलं तर खारं पाणी वर खेचलं जाण्याचा धोका. म्हणून शेवटचा हातभर थर फावडी-घमेल्यांनीच. काठ सिमेंटनं बांधू नयेत : पाणी कडेनं मुरायचं थांबतं आणि कासवांना वर चढता येत नाही. गाळात सापडलेले मासे पाण्याच्या टपात ठेवून परत सोडायचे. दिवड निघाली तर घाबरू नका, ती बिनविषारी आहे, चावते मात्र.

गमबूट घालू नका. चिखलात अडकतात, आत पाणी भरतं आणि पाय निघतो तो बुटाविनाच. नाडीचे जुने कॅनव्हास बूट बरे. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरायचंच नाही. लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची भीती खरी आहे.

एक टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, सोबत हवा. उपसण्याआधी, उपसल्यावर आणि मग दर महिन्याला तेच ठिकाण, तीच वेळ, आकडा वहीत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. आकडा एप्रिल-मेमध्ये दरवर्षी चढत असेल, तर दुखणं बावखलात नाही, आसपासच्या उपशात आहे.

पुण्यामुंबईचे गट मे महिन्यात हौसेनं येतात. खरं काम जुलैत असतं, तेव्हा कुणी नसतं. जलपर्णीचं बी गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतं आणि उथळ पाण्यात ऊन पोचलं की रुजतं. रोप बोटभर असतानाच उपटलं तर एका माणसाचं अर्ध्या तासाचं काम, महिनाभर सोडलं तर पुन्हा दहा टनांची वाट. आमचा वाडीवाला म्हणूनच पावसाळाभर एक रविवार आड मिस्सा आटोपली की बावखलाला फेरी मारतो. पाठीला टोपली, बाकी काही नाही.

चर्चमध्ये १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीसाठीच्या प्रार्थनेचा काळ पाळतात, तेव्हा यावं म्हणजे भरलेली बावखलं दिसतील. निर्मळच्या कार्तिकातल्या जत्रेला आलात तर सुकेळी घ्या, राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली. जुलैत येणार असाल तर विळा आणू नका. हातानं उपटता येतं, फक्त मुळासकट.