गोळी आणि घड्याळ

आज दिवसभर मी घड्याळाचा गुलाम होतो. किडनी प्रत्यारोपणानंतर दादाच्या फुफ्फुसात बुरशीचा संसर्ग निघाला आणि व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं औषध सुरू झालं. दर 12 तासांनी, तेही जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर. सकाळी गोळी घेऊन अर्धा तास होतो न होतो तोच दादा म्हणाला, "अरे, भिंत चकाकतेय." माझ्या पोटात गोळाच आला! डॉक्टर फोनवर शांत. या औषधाने असं होतं म्हणे, थोड्या वेळात ओसरतं. ओसरलंही.

खरी मेख पुढेच आहे. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून तो टॅक्रोलिमस घेतो. ते मोडून टाकणारं यकृतातलं एन्झाइमच व्होरिकोनाझोल अडवतं, मग रक्तातलं टॅक्रोलिमस चढतं. म्हणून त्याचा डोस एक तृतीयांशावर आणलाय, आणि रक्ततपासण्या सारख्या चालू. बुरशीचं औषध थांबलं की डोस पुन्हा वाढवावा लागणार. हे मी डायरीत लाल पेनाने लिहिलंय, दोनदा.

दादा विचारतोय, उन्हात फिरायला कधी सोडणार? या गोळीवर असताना ऊनही टाळायचं असतं, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.