जुन्या गाडीचा एसी: गॅस भरण्याआधी लीक शोधला, माझा अनुभव

गाडी जुनी आहे, एसी दोन वर्षं बरा चालला आणि मग नुसती हवा यायला लागली, थंड नाहीच. ज्याला विचारावं तो एकच सांगतो, गॅस संपला असेल, भरून टाक. पण गॅस म्हणजे पेट्रोल नाही ना, तो जळत नाही, बंद पाइपांमध्ये गोल गोल फिरतो. कमी झालाय म्हणजे कुठून तरी बाहेर गेलाय, आणि ती जागा तशीच ठेवून भरला तर परत जाणारच. म्हणून ठरवलं की आधी लीक, मग गॅस.

सुरुवात फुकटातल्या गोष्टींपासून. केबिन फिल्टर बघितला, ठीक होता, ब्लोअरला जोर होता. बॉनेट उघडून एसी लावला तर कॉम्प्रेसरचा (गॅस दाबून फिरवणारा पंप) क्लच, म्हणजे त्याला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा भाग, टक करून बसायचा, चार-पाच सेकंदात सुटायचा, परत बसायचा. म्हणजे वायरिंग जिवंत आहे, गॅसचं प्रेशर पडलं की लो प्रेशर स्विच क्लच सोडवतोय.

मग प्रेशर मोजायचा गेज लावला, इंजिन बंद ठेवून. सिस्टिममध्ये थोडा जरी लिक्विड गॅस असला तरी बंद गाडीत प्रेशर फक्त तापमानावर ठरतं, आर-१३४ए (जुन्या गाड्यांच्या एसीतला नेहमीचा गॅस) असेल तर ३० डिग्रीला साधारण ९५ पीएसआय (प्रेशरचं माप). अर्धा गॅस असो की पूर्ण, काटा तिथेच, त्यामुळे 'गेजवर प्रेशर चांगलं दिसतंय म्हणजे गॅस फुल आहे' म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. माझा काटा मात्र ४० वर, म्हणजे लिक्विड उरलंच नव्हतं.

लीक कुठे हे तेलानेच सांगितलं. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल फिरतं, गॅस जिथून सुटतो तिथे तेही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. कंडेन्सरला (रेडिएटरपुढची, गॅस थंड करणारी जाळी) जाणाऱ्या पाइपच्या जॉइंटवर तळहाताएवढा काळा चिकट डाग, बाकी पाइप सगळे कोरडे. पुसून साबणाचं पाणी लावलं, थोड्या वेळाने एका बाजूने बारीक फेस फुगायला लागला, अगदी सावकाश, घाईत बघितलं असतं तर दिसलाही नसता.

उरलेला गॅस गॅरेजमध्ये मशीनने काढून घेतला, तो हवेत सोडायचा नसतो, हा गॅस वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटीहून जास्त आहे. जॉइंट उघडला तर आतली ओ-रिंग (सील करणारी गोल रबरी रिंग) चपटी झालेली, नखाने दाबली तर कडक प्लास्टिकसारखी. नवीन रिंग एसीचीच घेतली, साधं रबर या गॅस-तेलात टिकत नाही, तेलाचं बोट लावून बसवली. सिस्टिम उघडलीच होती म्हणून ड्रायरही (ओलावा शोषणारा छोटा डबा) बदलला.

पुढचा भाग कंटाळवाणा पण टाळायचा नाही. व्हॅक्यूम पंप पाऊण तास चालवला, आतली हवा आणि ओलावा काढायला. ओलावा राहिला तर तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी (इथल्या बारीक भोकातून गॅस सुटून थंड होतो) गोठतो आणि तेलात मिसळून ॲसिड बनवतो. मग पंप बंद करून अर्धा तास काटा बघत बसलो, हलला नाही. तरी व्हॅक्यूम टिकला म्हणजे लीक शंभर टक्के नाही असं नसतं, व्हॅक्यूममध्ये आत-बाहेर फरक फक्त हवेच्या दाबाएवढा आणि चालू एसीत प्रेशर त्याच्या कितीतरी पट, म्हणून गॅस भरल्यावर त्या जॉइंटवर परत साबण लावलाच.

गॅस भरताना डबा डिजिटल वजनकाट्यावर ठेवला आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढेच घातले. जास्त भरला तर कूलिंग वाढत नाही, उलट कमी होतं आणि कॉम्प्रेसरवर लोड येतो. इंजिन चालू असताना फक्त लो साइडने (कमी प्रेशरच्या पाइपाकडून) भरायचा, हाय साइडचा (जास्त प्रेशरच्या पाइपाचा) व्हॉल्व्ह घट्ट बंद, आणि डबा उलटा करायचा नाही, लिक्विड सरळ कॉम्प्रेसरमध्ये गेलं तर त्याच्या आतले व्हॉल्व्ह तुटू शकतात. लीक बंद करणारं केमिकल मिळतं ते मी घालत नाही, पुढे कुठे जाऊन चोंदेल सांगता येत नाही.

आता हायवेला व्हेंटमध्ये थर्मामीटर ७ डिग्री दाखवतो. सिग्नलला थांबलो की १२-१३ वर चढतो आणि गाडी हलली की परत खाली येतो, म्हणजे गॅस बरोबर आहे पण उभ्या गाडीत कंडेन्सरला हवा कमी पडतेय. कंडेन्सर पाण्याने धुवून झालाय, आता फॅनची मोटर बघायचीय.