साड्या कुरिअरने का पाठवत नाही?

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या साड्या घाऊक नेणारे कोल्हापूर-सांगलीचे दुकानदार हमखास विचारतात, "अहो, कुरिअर दारात येतं की. तुम्ही अजून गठ्ठा व्हीआरएल ट्रान्सपोर्टलाच का टाकता?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

साड्या पोत्यात भरून, दाभणाने सुतळी ओवून तोंड शिवलं आणि ब्रशने मार्का, म्हणजे ओळखीची खूण घातली, की दोघांनी उचलायचं ओझं होतं. त्याला कुरिअरचा किलोचा दर लावला, तर साडीवरचं मार्जिन भाड्यातच गेलं. पूर्ण ट्रक करावा, तर तेवढा माल आमच्याकडे कुठला? अशा मधल्यामध्ये अडकलेल्या व्यापाऱ्यांवरच ही कंपनी वाढली, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हीआरएलचे विजय संकेश्वर यांनी १९७६ साली गदगला एका ट्रकवर सुरुवात केली. घरचा धंदा छपाईचा. तो बाजूला ठेवून ट्रक घ्यायचा, म्हणजे घरच्यांनी कपाळावर हात मारावा असंच काम! मग बेंगळूर, हुबळी आणि आमचं बेळगाव अशी सेवा वाढली. पुढे १९९६ ला बसगाड्या, मध्येच वर्तमानपत्र, २०१५ ला शेअर बाजार. ते सगळं असो.

गोम आहे ती पार्ट लोडमध्ये, म्हणजे एकाच ट्रकमध्ये अनेकांचा थोडा-थोडा माल नेण्यात. एकाच पार्टीचा माल असला, की ती भाडं पाडून मागते. पन्नास जणांचे नग असले, तर कुणा एकाचं चालत नाही, आणि किलोमागे पैसेही बरे सुटतात. पण कटकट केवढी! प्रत्येक नग उतरवायचा, हबला, म्हणजे माल गोळा होतो त्या मोठ्या गोदामात नेऊन गाववार लावायचा, पुन्हा दुसऱ्या गाडीत चढवायचा. एल.आर. (ट्रान्सपोर्टची पावती) आणि मार्का जुळला नाही, तर आटपाडीचा गठ्ठा अथणीला जायचा. अशा कामात गाडी वेळेवर सुटणं आपल्या हातात लागतं. व्हीआरएलने स्वतःच्याच गाड्या वाढवल्या आणि हुबळीजवळ वरूरला बॉडी बांधण्यापासून दुरुस्तीपर्यंतची सोय केली, ती उगीच नाही.

लग्नाची एखादी घाईची साडी असली, तर मीही कुरिअरच करतो, नाही म्हणत नाही.

बाकी कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्र. माल ५० हजारांवर गेला तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन कागद लागतो, म्हणून जीएसटी नंबर ऑर्डरसोबतच टाकत चला. आणि टू-पे असेल, तर भाडं माल घेणाऱ्या तुमच्याकडे, बरं का!